परागाविना फूल

कांद्याचे बी धरायचे तर निवडलेले कांदे थंडीच्या तोंडावर पुन्हा जमिनीत लावतात. काही आठवड्यांनी त्यांतून पोकळ, फुगीर डेंगळे वर येतात आणि प्रत्येक डेंगळ्याच्या टोकाला पांढरा गोंडा उमलतो. एका गोंड्यात दोनशेपासून हजारापर्यंत फुले असू शकतात. प्रत्येक फुलात ६ पुंकेसर असतात, तीन आत आणि तीन बाहेर. आधी आतले तीन फुटतात, मग बाहेरचे. पराग सांडून झाल्यावर मधला स्त्रीकेसर उंच होतो आणि त्याच्या टोकावरची कुक्षी पराग घ्यायला तयार होते. त्यामुळे फूल स्वतःच्या परागाने सहसा फळत नाही. मात्र सगळी फुले एकदम उमलत नाहीत, आणि त्याच गोंड्यातल्या शेजारच्या फुलाचा पराग मधमाशी आणून टाकतेच.

संकरित बी तयार करणाऱ्याची अडचण इथेच सुरू होते. दोन वेगळ्या, शुद्ध केलेल्या लाइन एकत्र आणल्या की पहिल्या पिढीत जोम येतो आणि सगळी झाडे एकसारखी निघतात. मात्र आई म्हणून निवडलेल्या झाडाला स्वतःच्या जातीचा पराग मिळता कामा नये. त्यासाठी उमलण्याआधी फुलातले पुंकेसर चिमट्याने काढून टाकणे हा सरळ उपाय आहे. टोमॅटोत तो परवडतो. एकरी टोमॅटोला ५०-६० ग्रॅम बी पुरते आणि हाताने परागीभवन केलेल्या एका फळातून शंभराच्या आसपास बिया मिळतात. म्हणजे दोनशेच्या आसपास फुलांवर काम केले की एका एकराची सोय झाली. बुलढाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजा आणि त्याला लागून असलेल्या जालना भागात शेडनेटमध्ये बायका हेच काम करतात. कळीतले पुंकेसर खुडायचे आणि दुसऱ्या दिवशी कुक्षीला पराग लावायचा. या सगळ्याला तिथे नुसते ‘क्रॉसिंग’ म्हणतात.

कांद्याला हा हिशेब लावला की तो कोसळतो. एकरी साधारण ३ किलो बी लागते. एका ग्रॅममध्ये पावणेतीनशे दाणे धरले तरी आकडा आठ लाखांवर जातो. कांद्याच्या एका फुलात जास्तीत जास्त ६ बिया भरतात, प्रत्यक्षात तीन-चारच. तेव्हा एका एकराच्या बियाण्यासाठी दोन लाखांहून अधिक फुले एकेक करून खुडावी लागतील, आणि त्यातले प्रत्येक फूल नखाएवढे. एवढी मजुरी देऊन बी विकत घेणारा शेतकरी कुठे मिळणार नाही.

म्हणून खुडण्याचे काम झाडानेच करावे, अशी सोय शोधावी लागली. ज्या झाडाचे अंडाशय, कुक्षी, मध असे सगळे ठीक असते, फक्त जिवंत पराग तयार होत नाही, त्या झाडाला नर वंध्यत्व आहे असे म्हणतात. अशी झाडे निसर्गात दुर्मीळ नाहीत. अठराव्या शतकातल्या कोलरॉयटरने परागकोष सुकलेली फुले पाहिली होती, आणि नुसती मादी फुले धरणाऱ्या झाडांवर डार्विननेही लिहिले आहे. पण ही उणीव उपयोगाची आहे हे कळायला विसावे शतक उजाडले, आणि त्याचे श्रेय एका कांद्याला जाते.

१९२५ साली कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे हेन्री जोन्स कांद्यावर काम करत होते. ‘इटालियन रेड’ या वाणातील एका झाडाचे गोंडे त्यांनी पिशवीत बांधून ठेवले होते, पण त्यात बी धरले नाही. झाडाचा क्रमांक होता १३-५३. एरवी असे झाड नोंदवहीत रेघ मारून सोडून दिले जाते. या झाडाने मात्र गोंड्यात फुलांच्या मधोमध लहान लहान कांद्या धरल्या. त्या लावून झाड जसेच्या तसे वाढवता आले. बी न देणारे झाड टिकवायचे कसे हा प्रश्न झाडानेच सोडवला, असे म्हणायला हरकत नाही. आज जगातल्या संकरित कांद्याचा मोठा हिस्सा आपली आईकडची वंशरेषा या एका झाडाशी नेऊन जोडतो.

पुढच्या दीड दशकात जोन्स यांनी या झाडावर निरनिराळ्या वाणांचा पराग टाकून पाहिला. काही संकरांत सगळी संतती वंध्य निघाली, काहींत सगळी सुपीक, तर काहींत निम्मी-निम्मी. एकाच जनुकाचा साधा मेंडेलीय नियम लावून हा गोंधळ सुटत नव्हता. १९४३ साली जोन्स आणि आल्फ्रेड क्लार्क यांनी त्याची उकल मांडली. वंध्यत्व ठरते दोन जागी: पेशीद्रवात आणि केंद्रकात.

पेशीद्रव संततीला आईकडूनच मिळतो. परागकणातून येतो तो मुख्यतः केंद्रकाचा वाटा. कांद्यात पेशीद्रवाचे दोन प्रकार धरले: साधा, म्हणजे ‘एन’, आणि वंध्यत्व आणणारा, म्हणजे ‘एस’. केंद्रकात एका जनुकाची दोन रूपे. प्रभावी रूप सुपीकता परत आणते, अप्रभावी रूप ती आणू शकत नाही. पेशीद्रव ‘एस’ असेल आणि केंद्रकात अप्रभावी रूपाची जोडी असेल, तरच झाड वंध्य. बाकी कुठल्याही मेळात पराग येतो. ‘एस’ पेशीद्रवात एक जरी प्रभावी जनुक असला तरी झाड सुपीक असते, आणि ‘एन’ पेशीद्रवात जनुक कसाही असला तरी फरक पडत नाही.

या उकलीत सगळ्यात मोलाचे झाड दिसायला सगळ्यात सामान्य आहे. ‘एन’ पेशीद्रव आणि अप्रभावी जोडी असलेल्या कांद्याला भरपूर पराग येतो. त्याच्या अंगावर वेगळी अशी एकही खूण नसते. पण त्याचा पराग वंध्य झाडावर टाकला की पेशीद्रव आईचा, म्हणजे ‘एस’, आणि जनुके दोघांचीही अप्रभावी. सगळी संतती पुन्हा वंध्य. वंध्य लाइनला प्रजननकार ‘ए लाइन’ म्हणतात आणि तिला पिढ्यानपिढ्या सांभाळणाऱ्या या साध्या दिसणाऱ्या जोडीदाराला ‘बी लाइन’. दोघींचे केंद्रक जवळजवळ सारखे, फरक फक्त पेशीद्रवाचा. तिसरी असते ती वेगळ्या घराण्यातली नर लाइन. तिचा पराग ए लाइनवर पडून जे बी मिळते तेच संकरित बी म्हणून विकले जाते.

शेतात हे असे दिसते. मादीच्या चार ओळी आणि नराची एक, किंवा आठ आणि दोन, अशी लावण. दोन्हींचा फुलोरा एकाच वेळी यावा म्हणून कांदे मागेपुढे लावावे लागतात. फुलोरा सुरू झाला की रोज सकाळी मादीच्या ओळींतून फिरावे लागते. सुपीक फुलातला परागकोष टपोरा असतो, फुटला की बोटाला पिवळी पूड लागते. वंध्य फुलातला परागकोष फिकट हिरवा, जवळजवळ पारदर्शक असतो. तो न फुटताच सुकून जातो. मादीच्या ओळीत एक जरी पिवळा गोंडा दिसला तरी ते झाड मुळासकट उपटायचे. शंका आली तर परागकोष काचपट्टीवर चिरडून ॲसिटोकार्मिनचा थेंब टाकतात. जिवंत पराग लाल होतो, पोकळ पराग कोरा राहतो. परागीभवन आटोपल्यावर नराच्या ओळी काढून टाकतात, म्हणजे काढणीत बी मिसळत नाही.

या सगळ्या मांडणीत मधमाशीला कुणी विचारलेले नसते. पराग गोळा करायला निघालेली माशी वंध्य ओळीकडे फिरकत नाही, तिथे तिला घ्यायला काही नसते. मधासाठी फिरणारी माशी दोन्हीकडे जाते, पण एकाच ओळीतून सरळ पुढे जायची तिला सवय असते. त्यामुळे संकरित कांद्याच्या बियाण्याचा उतारा साध्या बीजोत्पादनाच्या मानाने कमी पडतो आणि बी महाग होते. आनुवंशिकी कितीही चोख असली तरी शेवटचे काम माशीच्या मर्जीवर राहते.

‘एस’ पेशीद्रव मुळात कांद्याचा आहे का, याचीही शंका आहे. काश्मीरमध्ये ‘प्राण’ नावाचा एक कांदा पिकवतात. तो बी धरत नाही, गोंड्यातल्या कांद्यांवरच वाढवला जातो. गुणसूत्रांचे तीन संच असलेला हा संकरज कांदा आहे. अमेरिकी संशोधक मायकेल हेवी यांनी १९९३ साली दाखवले की ‘एस’ पेशीद्रव आणि प्राणचा पेशीद्रव यांत जवळचे साम्य आहे. कांद्या धरणाऱ्या १३-५३ शी हे चांगलेच जुळते.

पेशीद्रवात नेमके काय बिघडते? उत्तर तंतुकणिकांत आहे. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या या कणांकडे स्वतःचा थोडासा डीएनए असतो. त्यात तुकड्यांची जोडतोड होऊन एखादे विचित्र, सरमिसळ जनुक तयार होते. त्याचे प्रथिन पान, मूळ, खोड यांना फारसे जाणवत नाही. परागकोषात मात्र आतल्या अस्तरातील पेशींना, म्हणजे वाढत्या परागाला पोसणाऱ्या थराला, अफाट ऊर्जा लागते. या पेशी तिथे कोलमडतात आणि पराग उपाशी राहून पोकळ होतो. तंतुकणिका आईकडूनच पुढे जातात. पराग नसला तरी त्यांचे नुकसान नाही, उलट झाडाची सगळी शक्ती बियांकडे वळली तर फायदाच. केंद्रकाला मात्र परागावाटेही पुढे जायचे असते. त्यामुळे केंद्रकात अशी जनुके उत्क्रांत झाली जी तंतुकणिकेतल्या त्या खोडसाळ आरएनएला पकडून गप्प बसवतात. सुपीकता परत आणणारे जनुक म्हणजे हेच. एका पेशीतल्या दोन भागीदारांचे हे भांडण प्रजननकाराने मिटवायचे नसते, त्याच्या सोयीने चालू ठेवायचे असते.

सगळे नर वंध्यत्व पेशीद्रवाचे नसते. पराग तयार व्हायला केंद्रकातली शेकडो जनुके लागतात. त्यातले एखादे बिघडले आणि दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळाल्या तर झाड वंध्य होते. टोमॅटोत अशी पन्नासच्या वर जनुके सापडली आहेत. या प्रकारात पेशीद्रवाचा संबंध नाही, सुपीकता परत आणणारी खास लाइन शोधावी लागत नाही, कारण कुठल्याही साध्या वाणात चांगले जनुक असतेच. अडचण वेगळीच आहे. शुद्ध वंध्य लाइन कधीच तयार होत नाही. वंध्य झाडावर त्याच्या एकच प्रत बिघडलेल्या, सुपीक भावंडाचा पराग टाकला की निम्मी संतती वंध्य आणि निम्मी सुपीक. दर वेळी शेतात दुप्पट रोपे लावायची आणि फूल येईपर्यंत वाट पाहून निम्मी उपटायची. खत, पाणी, जागा खाऊन झाल्यावर.

तरीही भारतात या प्रकाराने काम दिले आहे. लुधियाना येथील पंजाब कृषी विद्यापीठाने खरबुजात ‘एमएस-१’ जनुक असलेली लाइन ‘हरा मधु’शी जोडून १९८१ साली ‘पंजाब हायब्रीड’ आणले. खरबुजाची मादी फुले बहुधा द्विलिंगी असतात आणि त्यांना खुडणे किचकट, त्यामुळे निम्मी रोपे उपटणे स्वस्त पडले. त्याच विद्यापीठाने फ्रान्समधून आणलेल्या ढोबळी मिरचीच्या लाइनमधले वंध्यत्वाचे जनुक ‘पंजाब लाल’ मिरचीत उतरवून ‘एमएस-१२’ ही लाइन केली. तिच्यावरून ‘सीएच-१’ हा संकर आला. टोमॅटोत उपटण्याचा त्रास कमी करणारी एक युक्ती सापडली. वंध्यत्वाचे एक जनुक आणि रोपाच्या खोडावरचा जांभळा रंग घालवणारे एक जनुक गुणसूत्रावर अगदी शेजारी बसलेले आहेत. गादीवाफ्यातच ज्या रोपाचे खोड निखळ हिरवे ते जवळजवळ नक्की वंध्य. जांभळट रोपे तिथेच काढून टाकता येतात. इतकी सोपी खूण असूनही टोमॅटोत हाताने क्रॉसिंग टिकून आहे, कारण वर केलेला हिशेब.

मिरचीत पेशीद्रवाचे वंध्यत्वही आहे, आणि त्याचे मूळ भारतीय आहे. १९५८ साली पीटरसन यांनी अमेरिकेत भारतातून गेलेल्या एका मिरचीच्या नमुन्यात ते शोधले. त्याचा नोंदणी क्रमांक पीआय १६४८३५. तोच पेशीद्रव तैवानमधील जागतिक भाजीपाला केंद्राच्या लाइनमधून भारतात परत आला. वाराणसीच्या भारतीय भाजीपाला संशोधन संस्थेचा ‘काशी सुर्ख’ हा संकर अशाच एका वंध्य लाइनवर ‘पुसा ज्वाला’चा पराग टाकून केलेला आहे. मिरचीत कांद्यापेक्षा एक गोष्ट जास्त लागते. कांद्याच्या संकराला पराग आला काय, न आला काय, आपल्याला कांदा हवा. मिरचीच्या संकराला मात्र शेतात फळे धरायची आहेत. म्हणून नर लाइनमध्ये सुपीकता परत आणणारे जनुक असलेच पाहिजे. तिखट मिरच्यांत ते बऱ्याचदा सापडते, ढोबळी मिरचीत क्वचितच, म्हणून ढोबळीच्या संकरात हा पेशीद्रव फारसा शिरला नाही. शिवाय तो हवामानाला लहरी आहे. रात्री थंडावल्या की काही लाइनमध्ये वंध्य झाडे पराग धरू लागतात, आणि बीजोत्पादकाच्या हाती अर्धवट संकरित बी पडते.

कोबी आणि फुलकोबीत पान किंवा गड्डा खायचा असल्यामुळे सुपीकतेची गरज नाही. इथले वंध्यत्व मुळ्याकडून उसने घेतलेले आहे. १९६८ साली जपानच्या कागोशिमात हिरोशी ओगुरा यांनी एका जपानी मुळ्यात ते नोंदवले. १९७४ मध्ये फ्रान्सच्या बानरो यांनी वारंवार संकर करून हा पेशीद्रव कोबीवर्गात नेला. वंध्यत्व पक्के आले, पण त्याबरोबर मुळ्याची हरितलवकेही आली. कोबीच्या केंद्रकाशी त्यांचे जमेना. थंडी पडली की पाने पिवळी पडत. फुलांत मधही नीट सुटत नसे, म्हणजे माश्यांचाही प्रश्न. १९८३ साली जॉर्ज पेलेटिए आणि सहकाऱ्यांनी पेशींच्या भिंती विरघळवून दोन्हींच्या पेशी एकमेकींत मिसळल्या आणि त्यातून अशी झाडे निवडली ज्यांची हरितलवके कोबीवर्गाची आणि तंतुकणिकांतला वंध्यत्वाचा तुकडा मुळ्याचा. आज बाजारातल्या संकरित कोबी-फुलकोबीच्या बऱ्याच वाणांमागे हीच मांडणी आहे. जर्मनीतल्या काही सेंद्रिय शेती संघटनांना पेशी मिसळण्याचे हे तंत्र मान्य नाही, त्या असे वाण नाकारतात. त्यांच्या तक्रारीतला एक भाग तंत्राइतकाच व्यवहाराचा आहे: असा संकर स्वतः वंध्य असल्याने त्याच्या परागातून दुसऱ्या कुणाला नवे काही उभे करता येत नाही. पेटंटाविना घातलेले कुलूपच ते.

गाजरात दोन प्रकार वापरात आहेत. एकात परागकोष तपकिरी होऊन सुकतात, दुसऱ्यात पुंकेसरांच्या जागी पाकळ्यांसारखे अवयव येतात. दुसरा प्रकार अमेरिकेतील एका जंगली गाजरात १९५० च्या दशकात सापडला, आणि दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा ‘पुसा नयनज्योती’ त्याच्यावर उभा आहे.

एकच पेशीद्रव सगळीकडे पसरण्याचा धोका भाजीपाल्यात अजून मोठ्या प्रमाणावर दिसलेला नाही. मक्यात तो दिसला. १९७० साली अमेरिकेतल्या संकरित मक्यात बहुतांश ‘टी’ पेशीद्रव होता. त्यातले वंध्यत्व आणणारे प्रथिनच पानावरच्या करप्याच्या एका बुरशीच्या विषाला बळी पडले. देशाचे सुमारे १५ टक्के मका पीक गेले. कांद्यात ‘एस’बरोबर फ्रान्समध्ये १९६५ साली नोंदवलेला ‘टी’ पेशीद्रवही आहे (मक्याच्या ‘टी’शी त्याचा संबंध नाही), पण त्याची सुपीकता एकापेक्षा अधिक जनुकांवर अवलंबून असल्याने बी लाइन शोधणे अधिक कठीण जाते. ‘एस’चे राज्य त्यामुळेच टिकून आहे.

महाराष्ट्रात संकरित कांद्याचा पसारा लहान आहे. निफाड तालुक्यात निवडलेला ‘एन-२-४-१’, राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संस्थेचे ‘भीमा’ मालिकेतले वाण आणि घरोघरचे उळे (घरी धरलेले बी), हे सगळे खुल्या परागीभवनाचे. भारतात वंध्य लाइन सापडली नाही असे नाही. बेंगळुरूच्या फलोद्यान संशोधन संस्थेने ‘अर्का कीर्तिमान’ आणि ‘अर्का लालिमा’ हे पेशीद्रवी वंध्यत्वावरचे संकर आणले. अडचण अशी की कांदा स्वतःच्या परागावर दोन-तीन पिढ्या वाढवला की कमालीचा खंगतो, त्यामुळे शुद्ध लाइन करणेच अवघड. त्यात बी ते बी हा फेरा दोन वर्षांचा. स्थानिक कांद्यातले कोणते झाड बी लाइन होऊ शकेल हे पूर्वी फक्त संकर करून, संततीला फूल येईपर्यंत थांबून कळत असे. त्यात चार ते आठ वर्षे जात. आता कोवळ्या पातीच्या तुकड्यातून डीएनए काढून पेशीद्रव ‘एस’ की ‘एन’ हे काही दिवसांत सांगता येते, आणि केंद्रकातल्या जनुकाजवळच्या खुणाही उपलब्ध आहेत.

शुद्ध लाइनसाठीही आडवाट आहे. परागीभवन न झालेल्या कळ्या प्रयोगशाळेत वाढवल्या तर थोड्या बीजांडांतून गुणसूत्रांचा एकच संच असलेली रोपे निघतात. औषधाने तो संच दुप्पट केला की एका झटक्यात शुद्ध बी लाइन तयार होते. तिची जोडीदार ए लाइन मात्र अशी मिळत नाही. तिच्यासाठी ‘एस’ पेशीद्रवाच्या झाडावर त्याच बी लाइनचा पराग पाच-सहा पिढ्या टाकावा लागतो, आणि प्रत्येक पिढीत कांदा आधी पोसून, साठवून, पुन्हा लावून त्याच्या गोंड्याची वाट पाहावी लागते.